गावदेवीच्या अंगणातील नवी वस्ती

कोणत्याही गावी नव्याने राहावयास जाणाऱ्या मनुष्याने प्रथम ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवावा, अशी आपल्या गोमंतकात व कोकणात जुनी रीत आहे. घराचा पाया खणावयाचा तर आधी त्या भूमीच्या राखणदारास गाऱ्हाणे घालावयाचे आणि मगच कुदळ मारावयाची. या रीतीमागील विचार साधा आहे. आपण येण्यापूर्वी ही जागा रिकामी नव्हती. येथे कोणी तरी होते, आणि त्याची अनुज्ञा घेतल्यावाचून आपला पाय येथे स्थिर होणार नाही.

मुंबई शहरात एक वस्ती अशी आहे, की ही ग्रामदेवता तिच्या नावातच बसलेली आहे. चौपाटी, गवालिया टँक आणि नाना चौक यांच्या मधल्या भागास आपण गावदेवी म्हणतो. गुजराती शेजारी त्यासच गामदेवी म्हणतात. आज हा भाग शहरातील अत्यंत मोलाच्या जागांत मोडतो. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही केवळ एक नवी, नुकतीच वर येऊ लागलेली वस्ती होती, आणि कोंकणी बोलणाऱ्या एका लहानशा समाजाने तेथे घरांचा असा एक प्रयोग केला, की त्याचे अनुकरण पुढे साऱ्या शहराने केले. त्या प्रयोगाची कथा आज पुन्हा सांगावी असे आम्हांस वाटते, कारण वस्ती वर येते तेव्हा नेमके काय वर येते, हा प्रश्न पणजी, मडगाव, बेळगाव, इंदूर, वडोदरे येथे राहणाऱ्या आमच्या वाचकांच्याही दारी आज येऊन उभा आहे.

गिरगाव हे नावाप्रमाणेच एके काळी गाव होते. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे आजही उच्चारली, की तेथील जुन्या बागायतीचा वास येतो. मुंबईच्या या वाड्या म्हणजे मुळात माडांच्या व फळझाडांच्या बागा. मालकाच्या परवानगीने त्या बागेत कोणी झोपडे घाली, कोणी कौलारू घर उभारी, आणि जमीन मात्र मालकाचीच राही. गोमंतकीय वाचकांस भाटकार आणि मुंडकार यांचे नाते ठाऊक आहे. त्यांना या व्यवस्थेची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. शहर जसजसे दाट होत गेले तसतसे माड तुटले, त्यांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या, आणि 'वाडी' हा शब्द तेवढा मागे उरला. गिरगावच्या वायव्येस असलेला गावदेवीचा परिसर मात्र बराच काळ शेताबागांचा राहिला.

शहर वाढू लागले म्हणजे देवासही आपली जागा सोडावी लागते, हे मुंबईस नवे नव्हते. जिच्या नावाने हे शहर ओळखले जाते ती मुंबादेवी मूळची बोरीबंदरच्या बाजूची. किल्ल्याभोवती मोकळे मैदान हवे म्हणून अठराव्या शतकात तिचे देऊळ तेथून हलले आणि सांप्रतच्या जागी, भुलेश्वराजवळ, नव्याने बांधले गेले. सासष्टी व तिसवाडीतून आपले देव पालखीत घालून अंत्रूज महालात नेणाऱ्यांच्या वंशजांस देव हलणे म्हणजे काय हे सांगावयास नको. तेथील कारण धर्मच्छलाचे होते, येथील कारण शहराच्या सोयीचे. दोहोंत अंतर मोठे आहे. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच दिसते. देव जेथे गेले तेथे भोवती नवी वस्ती झाली, आणि त्या वस्तीस आपलेपण आले ते देवळामुळे. गावदेवीच्या बाबतीत मात्र उलटे घडले. देवी जागची हलली नाही. तिच्या भोवतालचे गाव तेवढे बदलले.

या बदलाचे निमित्त एका भयंकर रोगाने आणले. सन १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोग्यांना झालेला आजार गाठीचा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. बार्देशातील हडफडे हे त्यांचे जन्मगाव. पुढील काही महिन्यांत लक्षावधी लोक शहर सोडून पळाले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ साली ती ७,७६,००६ भरली. दहा वर्षांत शहर वाढण्याऐवजी आटले, यावरून त्या आपत्तीची कल्पना यावी. त्या काळच्या अधिकाऱ्यांनी दोष दिला तो कोंदट, अंधाऱ्या, खचून भरलेल्या घरांना. रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे नीटसे समजावयास आणखी काही वर्षे जावी लागली. परंतु घरे वाईट होती हे काही खोटे नव्हते. १९११ सालीसुद्धा शहरातील शंभरांपैकी सुमारे ६९ माणसे एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती.

सरकारने १८९८ मध्ये कायदा करून मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापिली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढून समुद्रावरील वारा आत आणावयाचा, रोगट ठरलेली घरे पाडावयाची, आणि मोकळ्या जमिनीवर आखीव वस्त्या वसवावयाच्या, असे तिचे कार्य होते. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते या वाऱ्यासाठीच निघाले. दादर-माटुंग्याची विस्तीर्ण योजना, तेथील हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी, हेही त्याच संस्थेच्या आखणीचे फळ. शहराच्या जवळच्या भागात जी योजना तिने हाती घेतली ती गावदेवीची. शेतांतून व बागांतून रस्ते निघाले, भूखंड पडले, आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास आरंभ झाला. ज्यास आज सीताराम पाटकर मार्ग म्हणतात तो ह्यूजेस रोड या योजनेतूनच निघाला. लॅबर्नम रोडवर त्या नावाची पिवळ्या फुलांची झाडे लाविली गेली. तिला आपण बहावा म्हणतो.

आता आपल्या कथेतील माणसांकडे वळू. कानडा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि सन १८६२ मध्ये उत्तर कानडा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. त्या एका सरकारी निर्णयाने कारवार, कुमठे, होनावर, भटकळ या बाजूच्या सुशिक्षित तरुणांची वाट मुंबईकडे वळली. शिराली येथील चित्रापूर मठाचे शिष्य असलेले सारस्वत त्यांत बरेच होते. ते घरी कोंकणी बोलत, शाळेत कानडी शिकत आणि मुंबईच्या कचेरीत इंग्रजीत कारकुनी करीत. पगार बेताचा, म्हणून गिरगावच्या चाळींत एक-दोन खोल्यांचे बिऱ्हाड, सामाईक नळ, सामाईक संडास, आणि मागे ती घरगल्ली. मैल्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन सफाई कामगार जिच्यातून जात असत अशी दोन इमारतींमधली अरुंद बोळ, असा त्या शब्दाचा अर्थ आजच्या पिढीस सांगावा लागेल.

या समाजात श्रीपाद सुब्राव तालमकी हे सहकाराचे निष्ठावंत पुरस्कर्ते निघाले. १९०६ साली त्यांनी शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. आजची शामराव विठ्ठल बँक ती हीच. १९११ साली कानडा सारस्वत असोसिएशन स्थापन झाली. १९०४ च्या सहकारी कायद्याने केवळ पतपेढ्यांनाच जागा दिली होती. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही मार्ग मोकळा केला. त्याचा लाभ घेऊन १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटीची नोंदणी झाली, आणि तिने गावदेवीत ट्रस्टकडून जमीन घेऊन आपल्या इमारती उभारल्या. या देशातील आरंभीच्या सहकारी गृहसंस्थांत तिची गणना होते.

संस्थेची घडण समजून घेण्यासारखी आहे. जमीन आणि इमारत ही सर्व सभासदांच्या सामाईक मालकीची. प्रत्येक सभासद भागधारकही असे आणि संस्थेचा भाडेकरूही. घरमालक असा निराळा कोणी नव्हताच. पहिल्या महायुद्धाच्या काळात शहरात भाडी इतकी भडकली, की सरकारला १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. ज्यांचे मालक परके होते त्यांना त्या कायद्याचा आश्रय शोधावा लागला. ज्यांचे घर संस्थेचे होते त्यांना आपल्याच सभेत भाडे ठरविता येत होते. वस्तीचा भाव वाढला म्हणून बिऱ्हाड उठविण्याचा हक्क कोणा एकाच्या हाती नव्हता. वर येणाऱ्या वस्तीतील मोठे भय हेच असते, की जे तिला वर आणतात त्यांनाच पुढे ती परवडेनाशी होते. गावदेवीच्या सोसायटीने या भयावर जो उपाय योजला, त्याहून चांगला उपाय आम्हांस माहीत नाही.

गोमंतकीयांस ही रचना कोठे तरी पाहिल्यासारखी वाटेल. आपली गावकारी संस्था, जिला पुढे कोमुनिदाद हे पोर्तुगीज नाव पडले, ती याच तत्त्वावर उभी होती: जमीन गावकरांची सामाईक, आणि उत्पन्नातील वाटा जोण म्हणून प्रत्येकास. तालमकींनी आदर्श घेतला तो इंग्लंडातील सहकारी चळवळीचा. तरी ज्या समाजाचे पूर्वज गोव्यातून दक्षिणेस गेले, त्यास सामाईक जमिनीची कल्पना परकी वाटली नसावी, असे अनुमान आम्ही केले तर ते फार धाडसाचे होणार नाही.

या नव्या घरांत राहणे म्हणजे काय होते? चाळीतील बिऱ्हाडाला एक दार, एक खिडकी, आणि पुढे सर्वांची मिळून एक गॅलरी. नव्या घरात स्वतंत्र स्वयंपाकघर आले, न्हाणीघर आले, आणि कठीण वाटलेली गोष्ट म्हणजे शौचकूपही घराच्या पोटातच आले. परसाच्या टोकाशी जे असावयाचे ते देवघराच्या भिंतीपलीकडे आणावयाचे, हे सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या मनास सहज मानवणारे नव्हते. जमिनीखालील नळ व पाण्याची टाकी यांमुळेच ते शक्य झाले, आणि घरगल्लीतील टोपलीची आवश्यकताही त्यामुळेच संपली. धर्मशास्त्रावर कोणतीही सभा न भरविता, केवळ घराच्या आराखड्याने, एक जुना संकोच गेला आणि एका माणसाच्या डोक्यावरचे ओझेही त्या ठिकाणापुरते उतरले.

मिळाले तसे काही हरवलेही. मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत झाला, तो उगाच नव्हे. चाळीच्या गॅलरीत दुःख लपत नाही आणि सणही एकट्याचा राहत नाही. दार लावून घेता येणारे घर सुखाचे खरे, परंतु लावलेल्या दारामागे शेजारधर्म आपोआप चालत नाही. तो मुद्दाम चालवावा लागतो. म्हणून नव्या वस्तीत सभागृह, वाचनालय, भजन, स्त्रियांचे मंडळ ही नुसती करमणूक राहत नाही. गॅलरीने जे काम फुकट केले होते, ते आता संस्थांना करावे लागते.

वस्तीने आपल्या रहिवाशांस देशाच्या घडामोडींच्या शेजारीही आणून बसविले. लॅबर्नम रोडवरील मणिभवनात १९१७ ते १९३४ पर्यंत महात्मा गांधींचा मुंबईतील मुक्काम असे. गवालिया टँक हा गुरांना धुण्याचा जुना तलाव. तो बुजवून झालेल्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'भारत छोडो'चा ठराव झाला. गवळी ज्या पाणवठ्यावर गुरे नेत त्याचे नाव आज ऑगस्ट क्रांती मैदान आहे. सकाळी कचेरीस निघालेल्या कारकुनाच्या वाटेवर इतिहास घडत होता.

येथवर जे लिहिले ते अभिमानाचे. परंतु इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ज्या ट्रस्टने गावदेवी वसविली तिने जुन्या शहरात जितकी बिऱ्हाडे उठविली तितक्यांची सोय ती बराच काळ करू शकली नाही. पाडलेल्या चाळींतील हमाल, मजूर व गिरणी कामगार आपल्या कामाच्या जागेजवळच्या दुसऱ्या कोंदट चाळीत जाऊन अधिकच दाटीने राहिले. नव्या भूखंडांवर घर घेणे ज्यांना शक्य झाले ते पगारदार, शिकलेले, संघटित लोक होते. आमच्या कोंकणी बांधवांचे कर्तृत्व मोठे, पण त्यांच्या पायाखालची जागा ज्या योजनेने मोकळी केली, तिचे मोल दुसऱ्या कोणी तरीही भरले, हे विसरणे न्यायाचे होणार नाही. जेथे शेती व बागा होत्या, तेथे राबणारे हातही होते. त्यांच्यापैकी कोणाचे नाव कोणत्याही सभागृहाच्या शिलेवर कोरलेले नाही.

आणि येथे गावकारीशी असलेले साम्य आणखी एका अंगाने खरे ठरते. गावकारीत जमीन सामाईक होती, परंतु सामाईक कोणाची? गावकरांची. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराचा त्यात वाटा नव्हता. बेदखल होण्यापासून त्याला कायद्याचे पुरेसे संरक्षण मिळावयास फार काळ जावा लागला. जातवार गृहसंस्थांचेही तसेच झाले. कुंपणाच्या आत समता आणि दारावर ज्ञातीची पाटी. परक्या शहरात भाषा, आहार व देवधर्म टिकविण्यासाठी ती पाटी त्या काळी लाविली गेली हे समजण्यासारखे आहे, आणि अशा संस्थांनी आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवणे कायद्यास मान्य आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणी, दिलाही आहे. परंतु कायद्यास जे चालते ते धर्मास पुरेसे होतेच असे नाही. ग्रामदेवतेच्या जत्रेत गावातील प्रत्येक वाड्याचा मान असतो. तिच्या नावाच्या वस्तीने काही थोड्यांपुरतेच कुंपण घालावे, हा विरोध आम्हांस खटकतो.

पुढे हाच कित्ता अनेकांनी गिरवला. त्याच समाजाने ताडदेवास वसाहत उभारली. तिला तालमकीवाडी हे नाव देऊन संस्थापकाचे ऋण फेडले. शहरभर सहकारी गृहसंस्था निघाल्या, आणि आज मुंबईत मध्यमवर्गीयाचे घर म्हणजे सोसायटी हे समीकरणच होऊन गेले आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी तत्त्व गळाले आणि नाव उरले. सामाईक मालकीच्या जागी प्रत्येकाचा विकता येणारा फ्लॅट आला, आणि सभा भरते ती बहुधा पाण्याच्या पंपापुरती व गाड्यांच्या जागेपुरती.

आज या भागात पुन्हा एकदा वस्ती 'वर येत' आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा दक्षिण मुंबईतील भाग खुला झाला आणि गिरगाव व ग्रँट रोड येथे स्थानके आली. जुन्या चाळी व इमारती पाडून त्यांच्या जागी मनोरे उभारण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे. पुनर्विकासाने पडक्या जिन्यांची भीती जाते, म्हाताऱ्यांना लिफ्ट मिळते, घर थोडे मोठे होते. त्यास नाव ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मनोऱ्याचा देखभालीचा खर्च पेन्शनीतून भागत नाही, मुले दूरच्या उपनगरांत गेलेली असतात, आणि भाव चांगला आला म्हणून घर विकले जाते. पाहता पाहता वस्ती वर जाते आणि माणसे बाहेर जातात. प्लेगच्या काळी बिऱ्हाड उठवावयास सरकारी नोटीस लागत असे; आता ते काम भाव करतो, आणि कोणी उठविले हे कळतही नाही.

यावर उपाय सांगण्याइतके आम्ही शहाणे नाही. तथापि १९१५ च्या त्या कारकुनांपाशी आजच्या कित्येक लक्षाधीशांहून एक गोष्ट अधिक होती. घर घेण्यापूर्वी त्यांनी आपसात बसून ठरविले, की जमिनीचा वाढता भाव ही कोणा एकाची मिळकत नव्हे. आज पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी आपल्या सोसायट्यांनी, आणि ज्यांच्यापाशी शहरांत जमिनी आहेत अशा आपल्या देवस्थानांनीही, तोच प्रश्न पुन्हा एकदा सभेपुढे ठेवावा. किती चौरस फूट मिळणार हे तर विचारावेच. त्याबरोबर हेही विचारावे, की वीस वर्षांनी येथे कोण राहत असेल. विधवा भाडेकरू राहील काय, पुजारी राहील काय, इमारतीचा गुरखा व झाडलोट करणारी बाई यांना जवळपास डोके टेकावयास जागा उरेल काय. या प्रश्नांची तरतूद करारात लिहून घेता येते, जागा राखून ठेवता येते, निधी बाजूस काढता येतो. तालमकींच्या पिढीने याहून अवघड गोष्टी याहून तुटपुंज्या पगारात केल्या.

गावदेवीच्या देवळापाशी उभे राहिले, की चहूकडे उंच इमारती दिसतात. गाव गेले, शेते गेली, बागा गेल्या, ट्रस्टही १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन झाली. देवी मात्र जागेवर आहे. गाऱ्हाणे घालणारा आपल्याकडे प्रथम जागेच्या राखणदाराचे नाव घेतो, मग गावातील सर्वांचे कल्याण मागतो, आणि स्वतःचे मागणे शेवटी मांडतो. नव्या वस्तीत घर घेणाऱ्याने हा क्रम ध्यानात ठेवला, तर वस्ती वर येईल आणि तिच्याबरोबर माणसेही वर येतील, अशी आमची श्रद्धा आहे.